वेठ, इर्जिक आणि श्रमदान

‘घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे’ हा वाक्प्रचार मराठी माणसाला कोणी शिकवावा लागत नाही. घरातला मुलगा गणपतीच्या वर्गणीसाठी किंवा वाचनालयाची पुस्तके मोजण्यासाठी सकाळीच बाहेर पडला आणि जेवणाची पाने उचलल्यावर उगवला, की आईच्या तोंडून तो आपसूक बाहेर पडतो. त्यात राग थोडा असतो, कौतुक बरेच असते. पण याच मोबदल्यावाचूनच्या कामाला आपल्या भाषेने आणखी किती नावे देऊन ठेवली आहेत, हे एकदा मोजून पाहावे. वेठ, बिगार, सावड, वारंगुळा, इर्जिक, सेवा. आणि या कुळातले सर्वांत धाकटे, श्रमदान. बांधावर उभे राहून पाहणाऱ्याला ही सारी कामे सारखीच दिसतील. माणसे उन्हात खणत आहेत, माती वाहत आहेत, आणि दिवस मावळल्यावर कोणाच्याही हातावर पैसा पडत नाही. तरी एका कामावरचा माणूस मान खाली घालून घरी जातो, आणि दुसऱ्या कामावरचा गाणे गुणगुणत जातो. हा फरक कशामुळे पडतो, याचा शोध घेण्याचा छंद मला बरीच वर्षे जडलेला आहे. फराळाच्या ताटापाशी सांगण्याजोगे त्यातले जे आहे, ते आज सांगतो.

आधी इर्जिक. नव्या पिढीला हा शब्द कदाचित कोशात पाहावा लागेल. कोणाची नांगरट मागे पडली, कोणाचा बैल ऐन मोसमात बसला, कोणाच्या घरात आजारपण शिरले, तर तो आदल्या रात्री घरोघर जाऊन सांगून येई. दुसऱ्या दिवशी तांबडे फुटायला त्याच्या रानात आठ-दहा औते उभी राहत. आठवड्याचे काम एका दिवसात हातावेगळे होई. संध्याकाळी घरधन्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचे, एवढाच काय तो व्यवहार. माझी आजी सांगत असे, की इर्जिकीच्या जेवणाला हात आखडणाऱ्या घराची पुढच्या साली फजिती ठरलेली. सावडीत हिशेब जरा उघड असतो. आज तुझ्या खुरपणीला मी, उद्या माझ्या खुरपणीला तू. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी वारंगुळा करी आणि दोघांची रानं पाळीपाळीने निघत. यात कोणी कोणावर उपकार करीत नव्हते, आणि म्हणूनच कोणी कोणाचे मिंधे नव्हते.

याच जातीची, पण साऱ्या शिवाराला कवेत घेणारी व्यवस्था पाहायची असेल तर धुळे-नाशिककडची फड पद्धत पाहावी. पांझरा, मोसम अशा नद्यांवर लहान लहान बंधारे घालून पाटाने पाणी आणायचे, भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडायचे आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. शेकडो वर्षे हे चालत आले. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. दरसाल पाटातला गाळ काढण्याचे काम भिजणाऱ्या जमिनीच्या मालकांचे. ज्याला पाणी मिळते त्याने फावडे धरायचे, हे तिथे कोणी भाषण करून सांगत नसे. पाणी कमी असेल त्या साली सगळ्यांचेच क्षेत्र कमी होई. मला हे गणित फार आवडते. यात त्यागाचा शब्द नाही, आणि लबाडीला जागाही नाही.

आता वेठ. हा शब्द आपल्या भाषेच्या अंगात इतका मुरला आहे, की आपण संपाच्या बातमीतसुद्धा ‘जनतेला वेठीस धरले’ असे सहज लिहून जातो, आणि अंगचोरपणे उरकलेल्या कामाला ‘वेठ वारली’ म्हणतो. जुन्या इनामांच्या सनदा वाचताना माफ केलेल्या करांच्या यादीत ‘वेठबेगार’ हा शब्द भेटतो. ज्या अर्थी ती काहींना माफ होत होती, त्या अर्थी बाकीच्यांच्या डोक्यावर ती असणारच. स्वारी आली की ओझी वाहायला माणसे धरायची, किल्ल्याच्या कामाला न्यायची. पुढे इंग्रजी अमदानीत साहेबाचा मुक्काम पडला की तंबू, लाकूडफाटा, बैलांची वैरण, सगळ्याची तजवीज गावाने करायची. गावाने म्हणजे गावातल्या कोणी, हे वेगळे सांगायला नको.

महारवतन हे या वेठीचे कायद्याने बांधलेले रूप होते. चावडी झाडणे, सरकारी टपाल तालुक्याला पोचवणे, वसुलाच्या पैशाबरोबर चालत जाणे, गावात कोणी मेले तर परगावी सांगावा नेणे, मेलेले जनावर ओढणे, येसकराची पाळी करणे. ही गावाची कामे होती आणि त्यांवाचून गाव एक दिवस चालले नसते. १८७४ च्या वतन कायद्याने या सगळ्यावर सरकारी शिक्का बसला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात हा कायदा बदलण्यासाठी विधेयक आणले, तेव्हा त्यांनी यातली मेख नेमकी दाखवली. नोकरीला वेळेची मर्यादा नाही. वतनदार हजर नसेल तर त्याच्या घरातल्या कोणालाही कामाला जुंपता येते. आणि मोबदला म्हणून मिळणारे बलुते रयतेच्या मर्जीवर. ज्या महाराने मान वर केली त्याचे बलुते बंद. ते विधेयक काही मंजूर झाले नाही. कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे देशात स्वातंत्र्याचा ध्वज चढून अकरा वर्षे झाली तरी गावच्या एका माणसाच्या पायातली ही बेडी कागदोपत्री शाबूत होती.

हे तपशिलाने सांगण्याचे कारण आहे. गावासाठी झाडू मारणे, गावासाठी ओझे वाहणे, गावाची घाण काढणे या गोष्टींचे ज्यांनी पुढे गोडवे गायले, त्यांना हा इतिहास ओलांडून जाता येत नव्हते. जे थोर होते त्यांनी तो ओलांडण्याचा प्रयत्नही केला नाही. त्यांनी तेच काम स्वतःच्या अंगावर घेतले.

आप्पासाहेब पटवर्धनांचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत बोलके वाटते. १९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगात भंगीकाम कोणी करायचे, तर त्या जातीत जन्मलेल्या कैद्यांनी. आप्पासाहेबांनी ते काम स्वतःला मागितले. ब्राह्मण कैद्याला ते देता येत नाही, असे उत्तर आले. तेव्हा हा माणूस संडास साफ करायला मिळावा म्हणून उपोषणाला बसला! त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही त्या डिसेंबरात अन्न सोडले, आणि मग चक्रे फिरली. जगाच्या इतिहासात माणसांनी नाना हक्क मागितले आहेत. हा हक्क मागणारे थोडेच. पण आप्पासाहेब नुसते साफ करून थांबले असते तर मी त्यांना इतका मान दिला नसता. १९४८ मध्ये कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम काढला. खत होईल, वास येणार नाही आणि कोणालाही दुसऱ्याची विष्ठा डोक्यावरून वाहावी लागणार नाही, असे सोपे संडास बांधण्याच्या खटपटीत ते राहिले. काम उदात्त आहे असे सांगून ते दुसऱ्याच्या गळ्यात कायमचे बांधायचे, हा उद्योग त्यांनी केला नाही. ते काम उरूच नये, यासाठी त्यांची धडपड होती.

गाडगेबाबांची रीत निराळी. डोक्यावर गाडगे, अंगावर चिंध्या, हातात खराटा. परटाच्या घरी जन्मलेला हा माणूस गावात शिरला की पहिल्यांदा रस्ता झाडायला लागे. कोणी भाकरी दिली तर आधी त्या घरचे काही काम करून मग ती खाई. दिवसभर झाडलेल्या गावाला रात्री कीर्तनात बसवून तो प्रश्न विचारी, आणि लोक हसत हसत स्वतःचीच उत्तरे ऐकून ओशाळत. बाबा पुढे झाडू लागले की मागून पाटलाचा मुलगाही खराटा हातात घेई. यात जी युक्ती आहे ती शब्दांत सांगायला सोपी आणि करायला महाकठीण: हुकूम न देता स्वतः वाकायचे. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. २००० साली महाराष्ट्र सरकारने गावांच्या स्वच्छतेची मोहीम सुरू केली, तेव्हा तिला त्यांचे नाव दिले. बक्षिसासाठी तरी गावे झाडली गेली, हे काही वाईट झाले नाही.

तिकडे मोझरीला तुकडोजी महाराज खंजिरीच्या तालावर हेच सांगत होते. त्यांची ग्रामगीता १९५५ ची. आणि भूदान मागत पायी हिंडणाऱ्या विनोबांनी १९५१ नंतर ‘दान’ या शब्दाचा अर्थच बदलायला घेतला होता. दान म्हणजे वरच्याने खालच्याला टाकलेला तुकडा नव्हे, दान म्हणजे सम विभागणी, असे ते जुन्या आचार्यांच्या आधाराने सांगत. भूमी असेल त्याने भूमी द्यावी, संपत्ती असेल त्याने संपत्ती, आणि काहीच नसेल त्याने श्रम. श्रमदान हा शब्द त्या काळात खेडोपाडी गेला.

आणि मग तो सरकारदरबारी पोचला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ ठिकाणी सामुदायिक विकास योजना सुरू झाली. ग्रामसेवक आले, विकास गट आले, आणि प्रत्येक कामात लोकांचा वाटा पैशाने, वस्तूंनी किंवा श्रमाने असावा असे ठरले. आमच्या गावचा जोडरस्ता या लाटेतला. मी तेव्हा दप्तर सांभाळण्याच्या वयाचा होतो, पण तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. लेझीम होते, पताका होत्या. एक नवी कोरी कुदळ हळदकुंकू लावून पाटावर ठेवली होती. पाहुण्या साहेबांनी तिचे तीन घाव घातले, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. साहेबांनी कुदळ खाली ठेवताच ती एका शिपायाने पुसून परत पिशवीत घातली. पुढच्या गावी लागणार होती. आम्ही मुलांनी दोन दिवस पाट्या वाहिल्या आणि मोठ्या मौजेने वाहिल्या. तिसऱ्या दिवसापासून रस्त्यावर कोण दिसत होते, हे मात्र आजोबांनी मला नंतर समजावून सांगितले. गाड्या ज्यांच्या होत्या ते लिंबाखाली बसून देखरेख करीत होते. खणत होते ते ज्यांच्याकडे गाडी नव्हती.

आमच्याच गावची ही खोड असती तर मी ती झाकून ठेवली असती. पण श्यामाचरण दुबे या समाजशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागातल्या गावांत राहून विकास योजनेची पाहणी केली आणि १९५८ च्या आपल्या ‘इंडियाज चेंजिंग व्हिलेजेस’ या ग्रंथात जवळजवळ हेच नोंदवले. श्रमदानात वरच्या थरातले लोक मुकादमकी करतात, राबतात ते गरीब. रस्त्याचा फायदा बैलगाडीवाल्याला आणि बुडतो तो मजुराचा रोज. आजोबांनी दुब्यांचा ग्रंथ वाचलेला नव्हता आणि दुबे आमच्या गावी आलेले नव्हते. दोघांनी एकच गोष्ट पाहिली होती: श्रमदान या नव्या पोशाखात जुनी वेठ चालत आलेली.

म्हणजे बाहेरच्याने गावात येऊ नये, असा याचा अर्थ मी घेत नाही. या संदर्भात एक दूरदेशीची गोष्ट आठवते, आणि ती फिरत फिरत आपल्या वरोऱ्याला येते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या व्हर्दूंभोवतीची गावे जमीनदोस्त झाली होती. १९२० मध्ये पिएर सेरेसोल हा स्विस अभियंता काही मित्रांना घेऊन त्यातले एक गाव उभे करायला गेला. त्याच्या तुकडीत जर्मनही होते. कालच्या शत्रूने आपल्या घराच्या भिंती बांधाव्यात हे तिथल्या लोकांना सोसले नाही, आणि काही महिन्यांतच काम गुंडाळावे लागले. पण त्यातून एक आंतरराष्ट्रीय सेवा संघटना उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने बिहार उद्ध्वस्त झाला, तेव्हा सेरेसोल तिथेही फावडे घेऊन आला.

याच संघटनेचे देशोदेशीचे तरुण १९५० नंतरच्या दशकात आनंदवनात आले आणि त्यांनी बाबा आमट्यांच्या कुष्ठरोगी सहकाऱ्यांच्या बरोबरीने इमारती बांधल्या. इमारती झाल्या हे चांगलेच. पण सांगतात ती गोष्ट वेगळी आहे. आनंदवनात पिकलेली भाजी वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेत नसे. हे परदेशी तरुण तीच भाजी खातात, त्याच पंगतीला बसतात, हे लोकांनी पाहिले आणि हळूहळू ती भाजी खपू लागली. विटा कोणीही रचल्या असत्या. शेजारी बसून जेवणारा पाहुणा मात्र त्या घडीला गावात मिळत नव्हता.

१९७२ च्या दुष्काळाने या साऱ्या प्रश्नाला वेगळेच वळण दिले. लाखो माणसे खडी फोडायला आणि तलावांच्या कामावर उतरली. पोटात भूक असताना श्रमाचे दान मागणे ही क्रूर चेष्टा झाली असती. वि. स. पागे यांनी आधीच्या दशकात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून पाहिलेला प्रयोग आता राज्यभर नेण्यात आला: काम मागेल त्याला काम आणि कामाचे दाम. त्याचा कायदा १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून अमलात आला. स्वयंसेवेच्या इतिहासात मजुरीच्या कायद्याला जागा कशाला, असे कोणी विचारील. पण वेठीला खरा उतारा हाच आहे. ज्याला ‘नाही’ म्हणता येते, त्यानेच दिलेले दान.

त्याच दुष्काळाने विलासराव साळुंखे या पुण्याच्या कारखानदार अभियंत्याला पुरंदर तालुक्यात ओढले. नायगावला देवस्थानाची चाळीस एकर उजाड जमीन त्यांनी पन्नास वर्षांच्या कराराने घेतली आणि पावसाचे पाणी जिथल्या तिथे अडवून ती हिरवी करून दाखवली. हे आणखी कोणी केले असते. पण त्यांच्या पाणी पंचायतीने जे नियम केले, ते वाचून मी खुर्चीतून उठून बसलो होतो. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात. घरातल्या माणशी अर्ध्या एकराला, आणि फार तर अडीच एकरांना. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी घालायचा. उसाला बंदी. आणि ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यात वाटा. गावात कोणी नुसता लिंबाखाली बसणार नाही, याची सोय भाषणात न करता नियमात केलेली. ही कलमे सगळीकडे रुजली असती तर आज महाराष्ट्राचे चित्र काही और दिसले असते. पण उसाचे नाव काढले की आपल्याकडे भल्याभल्यांचे कान बंद होतात.

१९७५ नंतरचे राळेगणसिद्धी आणि १९९० नंतरचे हिवरेबाजार यांविषयी इतके लिहिले गेले आहे, की मी थोडक्यात आटोपतो. श्रमदानाबरोबर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळल्यामुळे डोंगर हिरवे झाले, हे खरे. चराईबंदीचा पहिला चटका चार शेळ्यांवर पोट असलेल्या बाईला बसतो, हेही तितकेच खरे. हिवरेबाजारने गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. परगावचे पाहुणे तिथले बंधारे पाहून जातात. त्यांनी हा विळ्याचा नियमही पाहावा, असे मला वाटते.

२०१६ ते २०१९ ही चार वर्षे पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने उन्हाळे गाजवले. पहिल्या साली तीन तालुके, २०१८ मध्ये पंच्याहत्तर. पंचेचाळीस दिवस गावाने खपायचे, आणि १ मेला शहरातल्या लोकांनी एक दिवस हात लावायला जायचे. २०१८ च्या त्या महाराष्ट्रदिनी मीही माण तालुक्यातल्या एका गावी गेलो. आमच्या बसमध्ये बँकेतले कारकून, महाविद्यालयातल्या मुली, एक निवृत्त न्यायाधीश, सगळ्यांच्या डोक्यावर नव्या टोप्या. डोंगराच्या उतारावर चर खणायचे होते. चुन्याच्या रेषा आधीच आखलेल्या होत्या.

माझ्या शेजारच्या रांगेत पन्नाशीची एक बाई घमेली उचलत होती. पाण्याच्या सुट्टीत मी विचारले, “मावशी, तुमची विहीर कुठल्या अंगाला?”

“इहीर?” ती हसली. “आमाला रानच नाई, दादा.”

“मग तुम्ही महिनाभर...?”

“दिसा रोजानं जाती. हितं रात्रीचं येती, चांदण्यात. आज तुमी लोक येनार म्हून रोज बुडवला.” थोडे थांबून ती म्हणाली, “इहिरी त्यांच्याच भरत्याल, ते मला कळतंय. पर टँकरच्या मागं हंडा घिऊन माजी सूनच पळती. म्हून बोरवर तिचा पयला नंबर लावायचा, आसं मी मीटिंगीत लिवून घेतलंय. सरपंचानं सई केलीया.”

तिने कमरेची पिशवी चाचपली. कागद तिच्यातच होता की काय कोण जाणे. तेवढ्यात शिट्टी झाली. मी टिकाव टाकून घमेले भरू लागलो. चार फावडी पडल्यावर मी ते उचलायला वाकलो, तर तिने हात आडवा धरला.

“आर्दं कशाला उचलताय? निस्त्या खेपा वाडत्यात. भरा अजून.”

मी भरले. तिने ते माझ्या डोक्यावर नीट बसवून दिले आणि वाट दाखवली.